मंगळावरचा चिखल

परवा टॉर्चची सुटलेली वायर जोडताना सोल्डरिंगचा धूर नाकात गेला आणि मी एकदम धसईच्या आमच्या ओटीवर जाऊन बसले. नववीत होते. विज्ञान प्रदर्शनासाठी मंगळावर चालणारी गाडी करायची होती, आणि भात झोडून मोकळे झालेल्या बाबांनी ते माझ्यापेक्षा जास्त मनावर घेतलं होतं. पावडरचा डबा, बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर, ट्रान्झिस्टरची एरियल असं सगळं जमलं. चाकं मी रबरी चपलेची कापणार होते, पण बाबांनी जुन्या छत्रीच्या काड्या वाकवून, तारेने बांधून, भातलावणीआधी शेतात पाणी घेऊन चिखलणी करणाऱ्या ट्रॅक्टरला असतात तशी पिंजऱ्यासारखी चाकं केली. म्हणाले, "रुतली तर तिथं ढकलाया कोन येनार गो?" मुरबाडला प्रदर्शनात परीक्षक हसले. "बाळ, मंगळावर चिखल कुठला? पाणीच नाही तिथे." नंबर आला नाही. एसटीत मी डोळे पुसत होते आणि बाबा वेगळ्याच काळजीत होते. "पानीच नाय, तर मंग तिथं जायाचं कशाला?" घराच्या वाटेवर गुरांनी तुडवलेला पाणवठा लागला. बाबांनी गाडी सरळ चिखलात सोडली. घुर्रर्र करत, आमच्या अंगावर शिंतोडे उडवत, एकदाही न अडता ती पलीकडे गेली, आणि बाबांनी अशी शिट्टी मारली की म्हशी उठून उभ्या राहिल्या. आता मंगळाचे खरे फोटो बघते. लाल, कोरडी जमीन. मला अजून वाटतं, जागा चांगली आहे, नुसती चिखलणी राहिली आहे.