ताईला मोठा स्क्रीन नको होता

आमच्या ताईला घरात सगळे ‘वादळ’ म्हणतात. आली की काहीतरी सांडणार, नाहीतर आपटणार. दाराची चौकट तर तिची जुनी वैरीण. खांदा ठोकल्याशिवाय बाई खोलीत शिरत नाही. परवा जेवताना तिने भरलेला ग्लास माझ्या ताटात लवंडला आणि वर आम्हाला गोष्ट सांगत बसली, की वळणावर एक आजोबा आकाशातून पडल्यासारखे स्कूटरसमोर आले, कसाबसा ब्रेक लागला. माझी लेक, छोटी, तेव्हा मागे बसलेली. तिने आजोबांचं दचकणं करून दाखवलं, आम्ही पोट धरून हसलो. मी हसून झाल्यावर ओरडलेही, कारण फडकं शेवटी मलाच मारावं लागतं.

ताई पुस्तकांची पानं लावते. छापखान्यातून मजकूर येतो, ती कॉम्प्युटरवर चित्रं, मथळे, तळटीपा सगळं जागच्या जागी बसवते. माझा नवरा कामासाठी दूर असतो, घरात आम्ही तिघीच. बँक, बाजार, छोटीची शाळा, सगळं ताईच्या स्कूटरवर. मला स्कूटर येत नाही. ताई असताना शिकतंय कोण?

तर ताईच्या स्क्रीनवर उभ्या रेघा यायला लागल्या, आणि नेमकी तेव्हाच तिची अक्षरं शोधायची खटपटही वाढली. “नंबर वाढलाय,” ती म्हणाली. मी म्हटलं, मग काय, चांगला मोठ्ठा स्क्रीन घेऊ! छापखान्याचं जाडजूड पुस्तक अडकलेलं, फोनवर फोन येत होते. आम्ही दुकानं पालथी घातली. प्रत्येक ठिकाणी ताई दोन मिनिटं उभी राहायची, मान इकडून तिकडे फिरवायची आणि “चल, नको” म्हणून बाहेर. माझे पाय दुखायला लागले, डोकं त्याच्या आधीच.

शेवटच्या दुकानात भिंतभर स्क्रीन, आणि एकूण एक स्क्रीनवर रंगीत मासे.

“डोळ्यांना त्रास आहे ना मॅडम? मग मोठाच घ्या,” दुकानदार म्हणाला.

“मासे नकोत मला. माझं पान दाखवा,” म्हणत ताईने पर्समधून पेनड्राइव्ह काढला.

त्याने सगळ्यात मोठ्या स्क्रीनवर पान उघडलं. अक्षरं चांगली बोराएवढी! मी मनात म्हटलं, सुटलो बाई एकदाचे. पण ताई माउस गरागरा फिरवत बसली.

“बाण कुठे गेला?”

“अगं, तो काय, तिथे!”

“तिथे म्हणजे कुठे? नीट सांग ना!”

वैतागून ती उठली आणि थेट काउंटरच्या टोकाला गेली. तिथे बिलं करायला ठेवतात तसला एक छोटासा स्क्रीन होता. त्यावर पान उघडायला लावलं, खुर्ची हातभर मागे घेतली आणि बघता बघता तिचा चेहरा सैलावला. “हा बरा आहे,” म्हणाली.

“डोकं फिरलंय का तुझं? दिसत नाही म्हणून आलो ना आपण?”

“टेबल लहान आहे माझं.”

“टेबल केवढं आहे ते मला नको सांगूस. रोज मी पुसते ते!”

मी तिला दंडाला धरून पुन्हा मोठ्यासमोर बसवलं. त्याच्या कोपऱ्यात कसलीशी सूचना येऊन उघडझाप करत होती. “आधी तो चौकोन बंद कर,” मी म्हटलं, “डोळ्यांत खुपतोय.”

“कुठला चौकोन?”

“कोपऱ्यातला! लुकलुकतोय तो!”

ताई सरळ पानाकडे बघत राहिली. “असेल,” म्हणाली. “गॅरंटी किती आहे हो?”

ती दुकानदाराशी बोलत असताना मी तिच्या डाव्या कानाजवळ हात धरला आणि हळूहळू पुढे आणला. गालापाशी आला, तरी बाई गॅरंटीचंच बोलतेय. पार नाकासमोर आला तेव्हा ती केवढ्याने तरी दचकली.

“काय करतेस गं?”

“ताई, ते आजोबा. कुठून आले होते?”

तिने माउस पुन्हा हातात घेतला.

“डावीकडून चालत आले होते ना?”

ताईने माउस बाजूला ठेवला. “बाजूचं जात चाललंय म्हणाले डॉक्टर. समोरचं आहे अजून. मोठ्या स्क्रीनवर मी हरवते गं. छोट्यावर सगळं पान एकदम दिसतं.”

“कधी म्हणाले?”

“झाले काही महिने.”

“आणि माझी पोर रोज तुझ्यामागे बसतेय!” मी भर दुकानात किंचाळले. दुकानदार उगाचच स्वच्छ काच पुसायला लागला.

“हळू चालवते मी. मान फिरवत चालवते.”

“वाटोळं झालं असतं, ताई!”

“माहितीय मला!” आता तीही ओरडली, आणि मग आवाज एकदम उतरला. “रोज ठरवते, आज सांगायचं. रोज ती हेल्मेट घालून दारात उभी असते. स्कूटर गेली की मी काय उरते गं घरात? पाणी सांडणारी बाई.”

एक कानाखाली द्यावी असं वाटलं, आणि मिठी मारावी असंही वाटलं. दोन्ही जमलं नाही. “तो छोटा बांधून द्या,” मी दुकानदाराला सांगितलं.

बाहेर येताच ताईने सवयीने किल्ली काढली. मी हात पुढे केला. तिने किल्लीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि किल्ली माझ्या तळहातावर ठेवली. स्क्रीनचा खोका स्कूटरवर पाय ठेवतात तिथे ठेवून आम्ही स्कूटर ढकलत घरी निघालो. हँडल तिच्या हातात, मी डाव्या बाजूला. रागाने माझ्या तोंडातून शब्द फुटत नव्हता.

“जन्मभर डोकं खाल्लंस बडबडून,” ताई म्हणाली, “आणि आता नेमकी गप्प? डावीकडे काय आहे ते सांग की.”

“सायकलवाला,” मी म्हटलं. “मग दुकानाची पायरी. एक बाई येतेय, हातात पिशवी आहे. पुढे खड्डा...” आणि मी तिथेच अडले.

ताईने स्कूटर थांबवली नाही. समोर बघतच म्हणाली, “थांबू नकोस. बोल.”