मेहुण्याच्या बॅगेतली औषधांची पिशवी

मला पोहायला माझ्या मेहुण्याने शिकवलं. मी तेव्हा सत्तेचाळीसचा होतो, तो छत्तीसचा. तो मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये मोटरमन होता. आठ महिने समुद्रात, मग दोन-तीन महिने पेणकरपाड्याला आईजवळ. सुट्टीवर आला की रोज सकाळी मला आमच्या कॉम्प्लेक्सच्या तलावावर न्यायचा. काठाला धरून मी पाय मारायचो आणि तो पाण्यात उभा राहून हसायचा. "भाऊजी, तुम्ही पाण्याला ऑफिसातल्या साहेबासारखं घाबरताय. सोडा ना हात."

हात सोडला. पुढच्या दोन वर्षांत इतका सोडला, की डायव्हिंग शिकायचं खूळ माझ्याच डोक्यात आलं. पाठीवर सिलेंडर घेऊन समुद्राखाली जायचं. तलावातले धडे इथेच झाले, शेवटच्या चार बुड्या परदेशात एका बेटावर मारायच्या होत्या. मेहुण्याला डायव्हिंगचं सर्टिफिकेट आधीच मिळालेलं होतं. तो केवळ माझ्यासाठी सुट्टीतले सहा दिवस द्यायला तयार झाला. देशाचं नाव लिहीत नाही. त्या देशाची काही चूक नव्हती.

त्याआधी तिथल्या डायव्हिंग सेंटरला एक फॉर्म भरून पाठवायचा होता. दमा आहे का, कानाचं ऑपरेशन झालंय का, पाठीचा त्रास आहे का, रोजचं काही औषध चालू आहे का. एका जरी प्रश्नाला 'हो' लिहिलं तर डॉक्टरची चिठ्ठी जोडायची. माझ्या पाठीत दोन वर्षं कळ होती. डॉक्टरने वजन उचलायला मनाई केली होती. मी सगळीकडे 'नाही' लिहिलं.

कळ आली की मी एक गोळी घ्यायचो. सुरुवातीला डॉक्टरने पंधरा दिवसांसाठी दिली होती, नंतर मी ती नाक्यावरच्या मेडिकलमधून आपली आपण आणायला लागलो. दुकानदार ओळखीचा, चिठ्ठी मागायचा नाही. घरात सर्दीच्या गोळ्या जशा असतात तशीच ती झाली होती. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी यादी घेऊन गेलो: सर्दीची, तापाची, उलटीची, जुलाबाची, आणि पाठीची.

"पूरा पत्ता ले लो ना साहब."

"नको, सबका छे-छे काट के दो. बॅग में जगह नहीं है."

त्याने सवयीने कात्री मारली. आपल्याकडे गोळ्या अशाच मिळतात. निम्मी स्ट्रिप दुकानात राहते, निम्मी आपल्याकडे येते, नाव कुठल्या निम्म्यावर गेलं ते कोणी बघत नाही. बिलही मागत नाही. पाठीच्या मात्र मी वीस घेतल्या. त्या बांधताना तो म्हणाला, "बाहर देश जा रहे हो क्या? ये वाली के साथ चिट्ठी रखना साहब. उधर इसको नशे में गिनते हैं. पिछले साल एक कस्टमर का लफडा हुआ था."

मी हो म्हणालो. हे वाक्य मी ऐकलं होतं. नीट, दिवसाढवळ्या, काउंटरला टेकून ऐकलं होतं. हे मी चार वर्षं कोणाला सांगितलं नाही.

डॉक्टरकडे चिठ्ठी मागायला जाणं शक्य नव्हतं, त्याने आधी विचारलं असतं, कशाला चाललात. गोळ्यांशिवाय जायची हिंमत नव्हती. संध्याकाळी मेहुणा बॅगा वजन करायला आमच्याकडे आला. माझी बॅग एक किलोने जास्त भरली. त्यातून काढायला हजार गोष्टी होत्या. मी औषधांची पिशवी काढली.

"ही तुझ्यात टाक रे. सर्दी-तापाच्या आहेत."

"टाका ना," तो म्हणाला. "ताईने अख्खं मेडिकल बांधून दिलेलं दिसतंय."

बायको स्वयंपाकघरातून ओरडली, "मी काही नाही दिलं! ते त्यांचं त्यांनी आणलंय."

मनाशी मी म्हणालो, हा जहाजावरचा माणूस, दहा देश फिरलेला, याला कोण अडवणार. खरं तर मी एवढंही म्हणालो नाही. माझ्या बॅगेतून ती गेली आणि मला बरं वाटलं, इतकंच.

तिकडच्या विमानतळावर आमच्या बॅगा मशीनमधून गेल्या. माझी सुटली. त्याची बाजूला घेतली. मी ट्रॉली घेऊन पुढे गेलो होतो, मागे वळून पाहिलं तर अधिकाऱ्याने पिशवी टेबलावर उलटी केली होती. कापलेल्या स्ट्रिपांचे तुकडे, एकावरही धड नाव नाही. अधिकारी एकेक तुकडा उजेडात धरून बघत होता. दुसरा आला. मग तिसरी एक बाई हातमोजे घालून आली.

मेहुण्याने मला शोधलं. हात वर केला आणि मोठ्याने हाक मारली, "भाऊजी! जरा या इकडे."

मी ट्रॉली पुढे ढकलली.

थांबलो असतो, चाळीस पावलं मागे गेलो असतो, 'माझ्या आहेत' म्हणालो असतो, तर काय झालं असतं ते मी पुढे अनेकदा मांडून पाहिलं. त्या क्षणी काहीच मांडलं नव्हतं. पाय चालत होते. काचेचं दार आपोआप उघडलं आणि मागे बंद झालं.

बाहेर डायव्हिंग सेंटरचा माणूस पाटी घेऊन उभा होता. तासभर आम्ही थांबलो. त्याने आत फोन लावला, मग मला विचारलं, गोळ्या कोणाच्या आहेत, डॉक्टरचं पत्र आहे का? पत्र असेल तर सुटेल.

मी म्हणालो, मला माहीत नाही. बॅग त्याची आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बोटीवर गेलो. सेंटरचा माणूस म्हणाला होता, चौकशी चालू आहे, तुम्ही थांबून काय करणार. मलाही तेच ऐकायचं होतं. पाठ ठणकत होती, गोळी नव्हती. पाण्यात उतरल्यावर पाठीवरचं ओझं नाहीसं झालं. खाली जाताना नाक दाबून हवा फुंकत कान मोकळे करायचे असतात. पहिल्यांदा जमलं नाही, दुसऱ्यांदा जमलं. खाली वाळू होती, एक मोठा काळा मासा दगडाखाली निवांत होता, आणि माझ्या श्वासाशिवाय कसलाच आवाज नव्हता. तिथे मला कोणी काही विचारू शकत नव्हतं.

मला ते आवडलं. एवढं लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

तिसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला: "केस नाही केली. परत पाठवतायत, आजच्या विमानाने. तुम्ही कोर्स पूर्ण करून या." मी बायकोला फोन केला. ती रडत होती. "तुम्ही त्याच्याबरोबर या ना, एकटा कसा येईल तो?" मी सांगितलं, डायव्हिंगनंतर एक दिवस विमानात बसता येत नाही, रक्तात हवेचे बुडबुडे होतात, नियम आहे. नियम खराच आहे. मी त्या सकाळी मेसेज वाचून मग बोटीवर चढलो होतो, हे तिला सांगितलं नाही.

घरी आलो तेव्हा गोष्ट तयार होती. पेणकरपाड्याला सगळे बसले होते. सासूबाई भिंतीकडे तोंड करून. बायको भावाला विचारत होती, "नशेच्या गोळ्या म्हणे! यांच्या सर्दी-तापाच्या पिशवीत त्या तूच टाकल्यास ना? जहाजावर हेच शिकलास का? कधीपासून घेतोस?"

तो माझ्याकडे बघत होता. रागाने नाही. वर्गात एखाद्या मुलाला उत्तर येतं हे माहीत असलेला मास्तर बघतो तसा, आता सांगेल, आता सांगेल. मी बुटाची नाडी सोडत राहिलो. शेवटी तो म्हणाला, "चूक झाली ताई. परत नाही होणार."

त्याच्या पासपोर्टवर परत पाठवल्याचा शिक्का होता. जहाजावर नोकरी लावून देणाऱ्या एजंटने दोन वेळा पुढची तारीख दिली, मग फोन उचलणं बंद केलं. त्याची जहाजं त्याच देशाच्या बंदरांना लागायची. ठरत आलेलं लग्न मोडलं. काय कारण सांगितलं गेलं ते कोणी बोललं नाही. आता तो काशीगावच्या एका टॉवरमध्ये पंप चालवतो. सकाळ-संध्याकाळ पाणी सोडतो, लिफ्ट अडकली तर माणसं काढतो. सासूबाई त्याची पँट धुवायला टाकण्याआधी खिसे उलटे करून हुंगतात. मी हे डोळ्यांनी पाहिलंय. तोही दारातून पाहत होता.

यंदा पावसाळा संपल्यावर मी त्याच्या पंपरूमवर गेलो. मोटर चालू होती, त्याने ती बंद केली आणि मला स्टूल पुसून दिलं.

"त्या गोळ्यांबद्दल बोलायचंय," मी म्हणालो.

"आता कशाला भाऊजी."

"तू तेव्हाच का नाही सांगितलंस? माझ्या होत्या म्हणून?"

"ताईला सांगू? मग तिने काय करायचं होतं?" त्याने फडकं झटकलं. "तुम्ही घाबरलात. मीही घाबरलो असतो कदाचित. आणि तुम्हाला तरी कुठे माहीत होतं, त्या गोळ्या तिकडे चालत नाहीत ते."

चार वर्षं त्याने मला हे देऊन ठेवलं होतं. मी नुसती मान हलवली असती तरी पुरलं असतं. त्याने चहा मागवला असता, आम्ही इकडचं तिकडचं बोललो असतो.

"माहीत होतं," मी म्हणालो. "मेडिकलवाल्याने सांगितलं होतं. म्हणून तुझ्या बॅगेत टाकल्या."

त्याने मोटरच्या झाकणावर हात ठेवला. मग त्याने माझ्याकडे न बघता विचारलं, "मुद्दाम?"

"हो."

"लिहून द्या." आवाज चढला नव्हता. "बोलू नका आता. स्टॅम्प पेपरवर लिहून द्या. सही करा."

मी लिहून दिलं. दुकानातलं वाक्यही लिहिलं. कागद घेऊन तो एजंटकडे गेला. एजंट म्हणाला, शिक्का पासपोर्ट ज्याचा त्याच्या नावावर असतो, भाऊजींच्या कागदाने तो पुसत नाही, आणि तुमचं वयही आता चाळिशीच्या पुढे गेलं. बायकोने कागद वाचला, त्या दिवसापासून ती हॉलमध्ये झोपते. कामापुरतं बोलते.

रविवारी मेहुण्याचा फोन आला. "घरी या. आईला तुम्ही स्वतः द्या तो कागद. मी नाही देणार."

मी गेलो. तो आतल्या खोलीत होता, बाहेर आला नाही. सासूबाईंनी चष्मा लावला आणि ओळीवर बोट ठेवून वाचलं. संपल्यावर परत पहिल्यापासून वाचलं. मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होतो. बरं वाटलं असतं.

"जावईबापू," त्या म्हणाल्या, "त्याने हाक मारली असं लिहिलंय तुम्ही. ऐकू आली होती?"

"हो."

"स्पष्ट?"

"हो."

त्यांनी कागदाची घडी केली. आतल्या खोलीकडे बघितलं, नावाने हाक मारायला तोंड उघडलं, पण मारली नाही. मग चार वर्षांत मी आलो की जे म्हणायचं कधी चुकलं नव्हतं ते म्हणाल्या, "बसा, चहा टाकते." आणि तिथेच बसून राहिल्या.