डेकवर न आलेला मासा

बंदरावर त्याला चहासाहेब म्हणतात, आणि हे नाव त्याने स्वतःच्या कर्तृत्वाने कमावलेलं आहे. सरकारी हुद्दा निरीक्षक. मोठ्या मासेमारी बोटींवरून समुद्रात जायचं आणि जाळं वर आलं की त्यात नको ते काय आलंय ते बघायचं, एवढंच काम. बघण्याचा पगार मिळणारी माणसं जगात आधीच थोडी. त्यांतून न बघण्यात नाव काढणारा बहुधा हा एकटाच.

नको ते म्हणजे परतीचा मासा. हा नदीत जन्मतो, बोटभर झाला की समुद्रात जातो, तिथे वाढतो आणि अंडी घालायला पुन्हा त्याच नदीत येतो. मधली वर्षं तो बारीक मासळीच्या थव्यांत मिसळून काढतो. बोटी त्या बारीक मासळीच्या मागे असतात, कारण ती दळून कोंबड्यांचं खाद्य होतं. म्हणजे अख्खा समुद्र पालथा घालून, कोणालाही पत्ता न विचारता घरी निघालेला जीव शेवटी खुराड्यात पोचतो. मासा आटत चालला तेव्हा सरकारला जाग आली आणि मर्यादा ठरली. तिच्या वर परतीचा मासा सापडला, की नदीच्या तोंडाजवळचा सगळा पट्टा हंगामभर बोटींना बंद.

नियम बरा होता. फक्त लिहिणाऱ्याने त्याला एक खिंडार ठेवलं होतं: मोजायचा तो डेकवर आलेला मासा. त्या खिंडारातून पुढे सगळ्या बोटी गेल्या. जाळं पाण्यावर आलं आणि आत रुंद चंदेरी खवले चमकले, की कप्तान प्रेमाने हाक मारी, "साहेब, खाली चहा ठेवलाय." साहेब खाली जात. वर खलाशी जाळ्याच्या शेपटाकडची गाठ सोडत आणि माशांनी फुगलेली जाळ्याची पिशवी बोटीच्या कडेला पाण्यातच रिकामी होई. आतला मासा चेंगरून आधीच मेलेला असे, त्यामुळे त्याची तक्रार नसे. साहेब मिशी पुसत वर येत तेव्हा डेक स्वच्छ, समुद्र स्वच्छ आणि साहेबांचं मन तर धुतल्या तांदळासारखं.

"डेकवर आला नाही म्हणजे धरलाच नाही," तो बायकोला समजावी.

"मग मेला कशाने? म्हातारपणाने?" बायको विचारी. पण ती सरकारी नोकरीत नव्हती, त्यामुळे तिच्या बोलण्याला वजन नव्हतं.

ह्याची थोरली बहीण त्याच नदीवर, धरणाशी नोकरीला. धरणाच्या कडेने माशांना वर चढायला पाण्याचा जिना केलेला आहे आणि जिन्याच्या भिंतीत एक काचेची खिडकी. ताई खिडकीच्या अलीकडे स्टुलावर बसते आणि पलीकडून वर जाणारा मासा मोजते. डोक्यावर दोन खोल्यांचं क्वार्टर. तिने लग्न केलं नाही. समोरून निमूटपणे निघून जायचं हा माशाचा गुण तिला एकाही स्थळात आढळला नाही, असं तिचं म्हणणं.

तर एका वसंतात खिडकीतून काहीच गेलं नाही. काचेवर शेवाळ धरलं, ताईने ते पुसलं, पुन्हा धरलं. हंगाम संपताना मात्र मोठी भरती आली. भरतीचं पाणी थेट धरणाच्या पायथ्यापर्यंत चढतं. त्या पाण्याबरोबर परतीचा मासा आला, पोट वर करून, चेंगरलेला, जिन्याच्या पहिल्या पायरीशी थराने साचून राहिला. बोटींनी समुद्रात रिकाम्या केलेल्या पिशव्यांतला मासा होता तो. समुद्राच्या नियमाने तो धरला गेला नव्हता आणि नदीच्या नियमाने तो पोचला नव्हता. दोन्हीकडचे कागद शून्य दाखवत होते, आणि मधल्या पाण्याला वास येत होता.

धरणाच्या साहेबांनी ताईला बोलावलं. मासा नाही तर मोजणारीला क्वार्टर कशाला? क्वार्टर सोडा. पुढचा एक हंगाम बसने येऊन बसा. तोही कोरडा गेला तर जिन्याचं पाणी तोडू आणि तुम्हालाही मोकळं करू.

ताई ट्रंक घेऊन भावाच्या दारात उभी राहिली. दुसऱ्या हातात झाकण लावलेली बादली. आत येऊन तिने झाकण काढलं.

"ओळखतोस?"

"परतीचा मासा," तो नाक दाबून म्हणाला.

"वा! तू तर कधी पाहिलाच नाहीस. मग ओळखलास कसा?"

बायकोने स्वयंपाकघरातून बाहेर येऊन वन्संना पाणी दिलं आणि ह्याला दिलं नाही.

साहेबांनी थोडा विचार केला. आयुष्यात त्याने केलेल्या थोड्या विचारांपैकी हा एक, आणि तो असा: "ताई, तू असं कर ना. हा मासा हातात धर आणि काचेसमोरून वर ने. मेलेला की जिवंत, कुठे लिहायचंय? क्वार्टर वाचेल तुझं."

ताईने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. तिची नोकरीच ती. "आईने तुझ्यासाठी बदाम भिजवले रे," ती म्हणाली, "झाडाला घातले असते तर सावली तरी पडली असती."

आणि ती राहिली. पुढच्या खोलीतला पलंग तिचा झाला, साहेब सतरंजीवर आले. आयुष्यभराची सवय, ताई दाराकडे तोंड करून बसे आणि समोरून काय गेलं ते मोठ्याने सांगे. "न्हाणीत गेला. अजून आत आहे. आला. हात धुतलेले नाहीत." गॅसवरचं दूध ह्याच्या डोळ्यांदेखत उतू गेलं तेव्हा ती म्हणाली, "असू दे वहिनी, भांड्याबाहेर गेलं ते आपलं नव्हतंच." भाजीतला खडा, फाटलेली पिशवी, विसरलेलं औषध, प्रत्येकावर एकच शेरा: "डेकवर आलं नसेल." बायको हसे. आधी तोंडाला पदर लावून, मग पदराशिवाय. सासूबाई असत्या तर मध्ये पडल्या असत्या, पण त्या भिंतीवर फोटोत होत्या आणि हल्ली त्यांचाही चेहरा बदलल्यासारखा वाटे.

हिवाळा असा गेला. हंगाम सुरू झाला आणि साहेब बोटीवर चढले ते सुटकेच्या आनंदात. जाळं वर येऊ लागलं, आत रुंद खवले चमकले.

"साहेब, खाली चहा ठेवलाय," कप्तान म्हणाला.

"वर पाठवा."

खलाशांचे हात थांबले. असं उत्तर ह्या बोटीवर कधी आलं नव्हतं.

"साहेब, वारा आहे इथे. गार होईल."

"होऊ दे. पिशवी वर घ्या."

"अहो, त्यात नुसती घाण आहे. सोडूनच देतोय."

"वर घ्या म्हणतो ना!"

निरीक्षकाने तोंडाने मागणी केली की पिशवी डेकवर घ्यावीच लागते, असाही एक नियम होता. तो कप्तानाला ठाऊक होता आणि निरीक्षकाला ठाऊक होता, आणि दोघांनी आजवर तो एकमेकांपासून लपवून ठेवला होता.

कप्तान जवळ आला, आवाज उतरवून म्हणाला, "घरी सगळं ठीक ना?"

"बहीण आलीय," साहेब म्हणाले. "राहायला."

कप्तानाने डोक्यावरची टोपी काढून पुन्हा घातली. मग त्याने खलाशांना खूण केली. पिशवी वर आली, फुटली आणि डेक गुडघाभर चांदीने भरला. साहेबांनी बघितलं. नीट बघितलं, मग कठड्यावरून वाकून आजवरचा सगळा चहा समुद्राला परत दिला, मग पुन्हा बघितलं आणि मोजलं. त्या एका डेकवरच मर्यादा ओलांडली गेली. पट्टा बंद झाला आणि बोटी दूर खोल समुद्रात पिटाळल्या गेल्या.

पुढचं नेहमीसारखं. बोटवाल्यांनी त्याच्या नावाने बोटं मोडली. कोणा मंडळाने त्याला शाल दिली. वक्ते म्हणाले की ह्या सामान्य माणसाच्या आत काहीतरी जागं झालं. ते खरंच होतं. सतरंजीवर पाठ धरल्यामुळे तो रात्ररात्र जागा असे. भाषणात त्याने निसर्गाचं देणं वगैरे म्हटलं. पहिल्या रांगेतून ताई म्हणाली, "शाल घेतली. खाली बसला." ती बस पकडायला तशीच उठून गेली.

मग काही दिवसांनी दुपारी धरणावरून तिचा फोन आला. मागे जिन्याच्या पाण्याचा आवाज होता.

"आला," ती म्हणाली. आवाज जरा चिरकला होता, पण ते फोनमुळेही असेल. "आत्ता. काचेसमोर. जिवंत. क्षणभर थांबला, शेपूट मारली आणि वर गेला."

"किती आले?"

"एक."

साहेब सतरंजीवर उठून बसले. त्यांनी पलंगाकडे पाहिलं, पलंगाखालच्या ट्रंकेकडे पाहिलं.

"ताई," ते कळवळून म्हणाले, "एकावर क्वार्टर देतात का गं?"

"थांब," ताई म्हणाली. "बोलू नकोस. काहीतरी येतंय."