मेसेजचं माहेर

या, जरा पुढं सरकून बसा. तिकडं उंबऱ्याशी पाव्हण्यासारखं नका बसू. आणि ते मोबाईल आधी पालथे घाला. रोज सकाळी मला गुलाबाची फुलं पाठवता, चहाचे कप पाठवता, वाफसुद्धा निघते त्यातून. पण माझ्या हातचा खराखुरा चहा प्यायला कोण येतंय? आज आलात ते वर्षानं. तुमच्यासारख्यांना सरळ करायला आमचे गुरुजीच पाहिजे होते.

गुरुजींची एक लकब होती. तुम्ही काहीही सांगा, ते चष्मा वर कपाळावर ढकलायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "बरं. पण हे कोणी सांगितलं?"

चष्म्याशिवाय त्यांना समोरची म्हैसही नीट दिसायची न्हाई. मग चष्मा वर करून काय बघायचे, देव जाणे. पण त्या नजरेला माणूस घाबरायचा.

ते मूळचे देवणीकडचे. आमच्या गावच्या सरकारी शाळेवर आले आणि माझी पुढची खोली भाड्यानं घेतली. आमचं गाव मुखेडच्या अलीकडं, एसटी थांबते पण मनात असलं तरच. गुरुजी राहायला आले त्याच आठवड्यात मला ताप आला होता. मी दोन्ही तळपायांना कांद्याच्या चकत्या बांधून, वर मोजे घालून ओसरीवर बसले होते. गुरुजींनी आधी वास घेतला, मग चष्मा वर केला.

"मावशी, हे काय करताय?"

"कांदा ताप ओढून घेतो."

"कोणी सांगितलं?"

"नणंदेचा मेसेज आलाय."

"त्यांना कोणी सांगितलं?"

"तिच्या सुनेनं."

"आणि सुनेला?"

मी वैतागले. म्हटलं, "आता काय तिच्या माहेरी जाऊन विचारू का?"

गुरुजी एकदम खूष झाले. म्हणाले, "जायला पाहिजे, मावशी. अगदी माहेरापर्यंत जायला पाहिजे." मग त्यांनी मला गोळी दिली, आणि मोज्यांतला कांदा कोंबड्यांना टाकला. कोंबड्यांनीही तो खाल्ला न्हाई.

दुसऱ्या दिवशी हेच त्यांनी वर्गात शिकवायला घेतलं. शाळेची भिंत माझ्या अंगणाला लागून, त्यामुळं मला सगळं ऐकू यायचं. मी शाळेत कधी गेले न्हाई. वाचायला शिकले ती पुड्याच्या कागदांवर. पण त्या भिंतीपाशी ज्वारी निवडत बसून म्हातारपणी माझी बरीच शाळा झाली.

गुरुजी पोरांना विचारत होते, "घरातली पोरगी द्यायची म्हटली की तुमचे आजोबा काय करतात?"

पोरं ओरडली, "तपास करतात!"

"कसा?"

मग एकेक जण सांगायला लागला. घराणं विचारतात. मधल्या माणसाला विचारतात. त्या गावच्या न्हाव्याला विचारतात. शेवटी कोणीतरी काही न सांगता जाऊन स्वतः बघून येतं.

"मग एवढा तपास करून एक जावई घरात घेता," गुरुजी म्हणाले, "आणि मेसेज आला की लगेच घरात? त्याचं घराणं कोण विचारणार? त्याचं माहेर कुठलं?"

झालं. त्या दिवसापासून गावाचं सुख गेलं. पोरं घरोघर तपास करायला लागली. मुगाच्या पाण्यानं केस काळे होतात म्हणून एका बाईनं डोक्याला मूग लावले, तर तिची लेक समोर उभी: "आई, याचं माहेर कुठलं?" एक बाप्या बायकोला सांगून निघाला की मुखेडच्या बाजारला चाललोय. पोरगं म्हणालं, "बाबा, ही खबर कोणी तपासली?" आणि मागं मागं गेलं. बाबा पिंपळाच्या पारावर पत्ते कुटताना सापडले. तो बाप्या माझ्या ओसरीवर येऊन गुरुजींना म्हणाला, "पोरगं शिकायला पाठवलं होतं, फौजदार करायला न्हाई."

गुरुजी हसले. म्हणाले, "शिकूनच फौजदार होतात, दादा."

पण हसू नका, खरी गोष्ट पुढंच हाय.

शाळेत पोरं कमीच होती. ज्याच्या हातात थोडा पैसा, त्याची पोरं तालुक्याच्या इंग्रजी शाळेच्या पिवळ्या गाडीत. अजून चार घरांनी पोरं काढली असती तर आमच्या शाळेला कुलूपच लागलं असतं. गुरुजींना सगळ्यात मोठी धास्ती तीच. रोज सकाळी ती पिवळी गाडी वाजत गेली की ते दाढी करता करता थांबायचे आणि गाडीतली डोकी मोजायचे.

अशात त्यांनी पोरांना एक भलताच अभ्यास दिला. म्हणाले, गावाला खरी वाटेल अशी एक खोटी बातमी बनवा. खोटं कसं बनतं हे कळल्याशिवाय खोटं ओळखू येत न्हाई.

एकानं पाण्याच्या टाकीत मगर सोडली. एकानं सरपंचाला सिनेमात घेतलं. कोणाचंच पटलं न्हाई. मग सहावीतली एक पोरगी उठली. एरवी नाव विचारलं तरी ओढणीचं टोक चावत सांगणारी. तिनं खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं, की पटसंख्या कमी असल्यामुळं ही शाळा बंद करण्यात येत आहे, तरी पालकांनी आपल्या पाल्यांचे दाखले घेऊन जावेत. वर 'उपरोक्त विषयास अनुसरून' असंही घातलं. आणि अक्षर कसं, तर हुबेहूब गुरुजींचं. तिनं अक्षर गिरवलं होतं ते गुरुजींच्याच फळ्यावरून.

गुरुजी जेवायला घरी आले तेव्हा पाय जमिनीवर नव्हते. "मावशी, पोरीनं उपरोक्त लिहिलं. उपरोक्त!" मला त्या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता, पण मी त्यांना एक भाकरी जास्त वाढली.

त्या आनंदात त्यांनी फळ्याचा फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'बघा, आपल्या लेकीनं किती सुंदर खोटी सूचना तयार केली. शाब्बास.' आणि दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं लातूरला ट्रेनिंगला गेले. ट्रेनिंग कशाचं, तर मोबाईल शहाणपणानं कसा वापरावा याचं.

परत आले तर शाळेच्या दारात पालकांची रांग. सगळ्यांना दाखले पाहिजेत. पिवळ्या गाडीचा माणूसही एका झाडाखाली खुर्ची टाकून बसलेला, नवी नावं लिहून घेत होता.

गुरुजींचा चेहरा पांढरा पडला. रांगेतल्या न्हाव्यानं त्यांना आपल्या मोबाईलवरचा मेसेज दाखवला. त्यात फोटो नव्हता, नुसती टाईप केलेली अक्षरं: शाळा बंद होणार, दाखले न्यावेत, खात्रीलायक वृत्त.

गुरुजींनी चष्मा वर केला. "हे कोणी सांगितलं?"

"उमरीच्या मेव्हण्यानं."

गुरुजी वळून पोरांना म्हणाले, "चला. आज वर्ग बाहेर. याचं माहेर शोधायचं."

काय वरात निघाली म्हणून सांगू. पुढं गुरुजी, मागं पोरं, त्यांच्या मागं दाखल्याची रांग, आणि काठी टेकत मी. न्हाव्याच्या मेव्हण्याला फोन लावला. त्याला त्याच्या बायकोनं सांगितलेलं. बायकोला तिच्या मैत्रिणीनं. मैत्रिणीची मावशी आमच्याच गावात दिलेली, वरच्या आळीत. म्हणजे मेसेज आमच्या गावातून उमरीला जाऊन, नवे कपडे घालून, पाव्हणा होऊन परत आला होता.

त्या मैत्रिणीच्या मावशीच्या दारात गेलो. तिनं ओले हात पदराला पुसले आणि मोबाईल पुढं केला. "हे काय गुरुजी, तुमचंच तर अक्षर हाय. खालचं बारीक कोण वाचतंय? मी नुसता फोटोच पुढं पाठवला."

गुरुजींनी सवयीनं चष्मा वर ढकलला. मग खाली आणला. मग फोटोकडं बघत म्हणाले, "हे कोणी…" आणि थांबले.

ती पोरगी मागं ओढणीचं टोक चावत उभी होती, डोळ्यांत पाणी. तेवढ्यात पहिलीतलं एक शेंबडं लेकरू म्हणालं, "सर, माहेर सापडलं."

लोक हसले, पण गुरुजी हसले न्हाईत. तिथंच, दारातल्या रांजणाजवळच्या दगडावर चढून म्हणाले, "पोरीची काही चूक न्हाई. लिहायला मी सांगितलं, गावभर पाठवलं मी. शाळा बंद होणार न्हाई."

पत्ते कुटणारा तो बाप्या मागून म्हणाला, "बरं. पण हे कोणी सांगितलं?"

एवढ्या दिवसांचं उट्टं काढलं त्यानं. गुरुजी दगडावरून खाली उतरले. मग म्हणाले, "कोणीच न्हाई सांगितलं, दादा. हा मेसेज लई वेगळा हाय. तुम्ही दाखले नेले तर खरा, न्हाई नेले तर खोटा. याचा तपास माझ्या हातात न्हाई."

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. पिवळ्या गाडीचा माणूस घड्याळ बघायला लागला. तेव्हा त्या पोरीचा बाप पुढं आला. सकाळी रांगेत सगळ्यात पुढं तोच होता. म्हणाला, "माझ्या पोरीनं फळ्यावर दोन ओळी लिहिल्या आणि इथपासून उमरीपर्यंत सगळी शहाणी माणसं दाखल्याला उभी केली. माझ्यासकट. आता जी शाळा असं लिहायला शिकवते, ती मी सोडू? न्हाई नेत दाखला."

मग हळूहळू रांग पांगली. दोघांतिघांनी तरी नेलेच दाखले, खोटं कशाला सांगू. पण शाळा राहिली. ती पोरगी त्या दिवसापासून ओढणी चावायची थांबली, आणि गुरुजी काहीही पाठवायच्या आधी तिला दाखवायला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात गुरुजींची बदली झाली, उदगीरकडं. त्यांनी ग्रुपवर तसं लिहिलं, निरोप घेतला, सगळ्यांचे आभार मानले. खाली एकेकाची उत्तरं आली: याचं माहेर कुठलं? खात्री केली का? न्हावी तर म्हणाला, गुरुजी, या वेळी न्हाई फसणार.

निघायच्या दिवशी थांब्यावर गुरुजी, त्यांची वळकटी आणि धपाट्यांची पुरचुंडी घेऊन मी. बाकी एक कुत्रं. गुरुजी रस्त्याकडं बघत होते.

"मावशी, कोणीच आलं न्हाई."

"तुम्हीच शिकवलं ना," मी म्हटलं. "आता भोगा."

एसटीचा हॉर्न ऐकू आला आणि मागून धूळ उठली. सगळी शाळा पळत येत होती, पुढं ती पोरगी. धापा टाकत म्हणाली, "सर, आम्ही स्वतः बघायला आलोत. खरं हाय का?"

गुरुजींनी चष्मा वर केला. या वेळी तो डोळे पुसायला केला. म्हणाले, "खरं हाय, बाळा. नीट बघून घे."

खोली अजून मी कोणाला दिली न्हाई. गुरुजी अधूनमधून फोन करतात.

"मावशी, तब्येत कशी हाय?"

"बरी हाय."

"हे कोणी सांगितलं?"

"मीच की."

"मग मला पटत न्हाई. बघायलाच येतो." आणि खरंच येतात, पुढच्या सुट्टीला, वाकडी वाट करून.

तुम्हीही फोनवर विचारता, मी बरी हाय म्हणते, आणि तुम्ही लगेच विश्वास ठेवून फोन ठेवता. असा कोणाच्याही बोलण्यावर विश्वास ठेवू नये, लेकरांनो. एसटी दारापर्यंत येते, ड्रायव्हरला माझं नाव सांगितलं की थांबते. असेच परत या, आणि स्वतः बघून जा.