साहेब, त्यो तुमचा सासरा हाय!

आमच्या घरात एका सिनेमावर बंदी घालण्यात आली होती, आणि ती फक्त एका दिवसाची होती. त्या दिवशी मला बघायला पाहुणे येणार होते.

तो सिनेमा म्हणजे डाकूंच्या सिनेमांची टिंगल. त्यातल्या डाकूंना घोडे परवडत नाहीत, म्हणून ते म्हशींवर बसून दरोडा घालायला निघतात, आणि वाटेत नदी लागली की म्हशी तिथंच बसतात! मी फ्रॉकमध्ये होते तेव्हा शिरड शहापुरात भाड्याच्या व्हीसीआरवर तो पहिल्यांदा पाहिला. पुढं घरात रंगीत टीव्ही आला, सीडी आली, मी बी.ए. झाले. ज्या सिनेमांची टिंगल केलेली, ते कोणाच्या ध्यानातही राहिले नाहीत. टिंगल मात्र तशीच ताजी! आमच्याकडं साधं उत्तर कोणी देतच नसे. आईनं विचारावं, "दूध तापलं का?" आणि आत्यानं सिनेमातल्यासारखं ओरडावं, "सरदार, दूध फरार!"

म्हणून सकाळीच अण्णांनी (ते शाळामास्तर) आम्हाला ओळीनं बसवलं. "कुरुंद्याचे पाहुणे येऊन राहिले. पोराचे वडील पोलिसातले रिटायर जमादार हायत. लई कडक माणूस. आज सिनेमातला एक शब्द कोणी बोलायचा न्हाई."

"मंग बोलायचं काय?" आत्यानं खरोखर काळजीनं विचारलं.

घाबरण्यासारखंच होतं. याआधी दोन ठिकाणी जमता जमता मोडलं होतं. त्यात या सिनेमातलं सगळ्यात मोठं सोंग म्हणजे एक जमादार! तो छाती ठोकून म्हणतो, "माणूस मला दिसल्याबरोबर कळतो!" आणि भर बाजारात एका म्हाताऱ्याला बेड्या घालतो. मागून शिपाई बोंबलतो, "साहेब, त्यो तुमचा सासरा हाय!"

पाहुणे आले. जयभीम झाला. मी दाराच्या फटीतून पाहिलं. मिशी तीच! अगदी सिनेमातली, दोन्ही टोकांना वर वळलेली. जमादार खुर्चीत बसले. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला मुलगा, पण माझे डोळे मिशीवरच.

"आधी पाणी द्या. बाकीचं मंग," जमादार म्हणाले.

झालं! सिनेमातला जमादारही प्रत्येक पाठलागाआधी हेच म्हणतो. आत्याला असा ठसका लागला की पदर तोंडात कोंबून ती परसात पळाली. अण्णा स्वतःच्या मांडीला चिमटा घेताना मला स्पष्ट दिसले. आईनं भिंतीकडं तोंड केलं.

मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले. नजर फरशीवर. जमादारांनी दोन-चार प्रश्न विचारले, मी बरोबर उत्तरं दिली. अण्णांच्या कपाळावरचा घाम वाळायला लागला. एवढ्यात जमादारांनी कप उचलला, अण्णांकडं रोखून पाहिलं आणि मिशीवरून बोट फिरवून म्हणाले, "मास्तर, नोकरी पोलिसात केली. माणूस मला दिसल्याबरोबर कळतो!"

आणि माझ्या तोंडून (माझ्या! नवरीच्या!) खणखणीत आवाजात निघालं, "साहेब, त्यो तुमचा सासरा हाय!"

अण्णांनी डोळेच मिटून घेतले.

"पोरगी काय बोलली?" जमादारांनी कप खाली ठेवला.

"सिनेमातलं हाय, साहेब," अण्णा चाचरले.

"कोणत्या सिनेमातलं? पोलिसांची टिंगल करून राहिला का त्यो?"

"न्हाई न्हाई! डाकूंची बी हाय!"

जमादार उठले. मला वाटलं, चालले. पण ते टीव्हीसमोर जाऊन उभे राहिले. "लावा. बघू द्या काय हाय त्याच्यात."

असा सिनेमा कोणी पाहिला नसेल! जमादार पंचनामा केल्यासारखे बसलेले, आणि आम्ही सगळे त्यांच्या मिशीकडं बघत श्वास रोखलेले. म्हशी नदीत बसल्या, कोणी हसलं नाही. सरदार शेपूट धरून पोहला, कोणी हसलं नाही! परसातून परत आलेली आत्या हसू दाबून डोळ्यांतून पाणी काढत होती. पाहुण्यांना वाटलं, बाई हळवी आहे. मी मनातल्या मनात वीज जायची प्रार्थना करत होते. एरवी दुपारी हमखास जाणारी वीज त्या दिवशी जायचं नाव घेईना!

अखेर तो बाजार आला, तो म्हातारा आला, बेड्या पडल्या, आणि शिपाई बोंबलला.

मग कुठूनतरी फिस्सकन आवाज आला. जमादारांची बायको! तोंडावर हात ठेवून ती गदागदा हलत होती.

"काहून हसून राहिली?" जमादार गरजले.

"हसू न्हाई तर काय करू?" बाई अण्णांकडं वळली. "दादा, लग्नाच्या पहिल्याच साली यांनी जवळा बाजारात माझ्याच बापाला धरलं होतं! सायकलीला बत्ती न्हाई म्हणून! दोन तास चौकीत बसवला!"

"अंधार होता!" जमादार ओरडले. "वळखू आला न्हाई!"

"मंग बापाचं नाव लिहून घेताना तरी वळखायचं!"

अण्णा पहिले फुटले. मग आई, मग आत्या तर अक्षरशः लोळलीच. जमादारांची मिशी एका टोकाकडून थरथरायला लागली, दुसऱ्या टोकापर्यंत गेली, आणि तो कडक माणूस गुडघ्यांवर हात आपटून हसायला लागला. हसू ओसरल्यावर म्हणाले, "मास्तर, गडबडीत म्हशींचं न्हाई बघितलं नीट. पुन्हा लावा." शेवटची एस.टी. चुकली, तरी उठले नाहीत. शेवटी मिळेल त्या गाडीनं निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पोरगी पसंत हाय. घरात बोलणारं माणूस पायजे."

ते गेल्यावर आत्यानं मला कवटाळलं. "आन् तुला? पोरगा पसंत हाय ना?"

"हाय की!" मी लाजून म्हटलं. आणि मग ध्यानात आलं: आधी मी मिशीकडं पाहिलं, मग फरशीकडं, मग दोनदा सिनेमाकडं. पोराकडं एकदाही नाही!

आता सांगायची सोय नव्हती. साखरपुड्याच्या दिवशी कुरुंद्याहून जीप आली आणि त्यातून पांढरे शर्ट घातलेली चार तरणी पोरं उतरली. मी चौघांकडंही सारखंच लाजून पाहिलं, आणि आत्याच्या कानात विचारलं, "ह्यातला आपला कोणता?"