टेबलाखालची बोटं

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. सांगावं म्हणून दोनदा तोंड उघडलं होतं — एकदा गावातल्या डॉक्टरपुढं, एकदा थोरल्या भावापुढं — आणि दोन्ही वेळा भलतंच बोलून उठलो. डॉक्टरला म्हणालो, गुडघा दुखतोय. भावाला विचारलं, ज्वारी काढली का. आता तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. अनोळखी माणसापुढं मान खाली घालायला धैर्य कमी लागतं. बघा, सुरुवातच पळपुटेपणानं झाली.

मी लक्ष्मण. भूम तालुक्यात, ईटच्या अलीकडं, खव्याचा आणि पेढ्यांचा एक कारखाना आहे. तिथं मी सव्वीस वर्षं व्यवस्थापक होतो. कारखाना अक्कांचा. नवरा गेल्यावर दोन म्हशी आणि एक भट्टी एवढ्यावर उभी राहिलेली बाई. आज आसपासच्या गावांतल्या भट्ट्यांवरून त्यांच्याकडं खवा येतो, कोल्ड स्टोरेज आहे, तुळजापूरच्या दुकानांपासून पुण्यापर्यंत माल जातो. मला त्यांनी कामाला ठेवलं तेव्हा मी बारावी नापास होतो आणि मला मोटारसायकल चालवता येत होती. एवढीच माझी लायकी.

रोज सकाळी भट्टीवाले खव्याचे गोळे घेऊन यायचे. अक्का चिमूटभर खवा तळहातावर घेऊन अंगठ्यानं रगडायच्या, हुंगायच्या, आणि न बघता सांगायच्या — हा रज्जाकभाईचा, काल जाळ जास्त झाला. हा खालच्या आळीचा, म्हशीला सरकी कमी पडतीय. तपासायचं मशीन आणलं होतं, पण मशीन गरम होईपर्यंत अक्कांचं सांगून झालेलं असायचं. कुणाचा माल कुठल्या पेढ्याला चालतो, कुठला दुकानदार श्रावणात किती उचलतो, सगळं डोक्यात. कागदावर काही नाही.

आणि बोटं. बोटांचं सांगायलाच हवं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. सुरुवातीच्या वर्षांत आम्ही दोघं म्हशी घ्यायला आठवडी बाजाराला जायचो. जनावरांच्या बाजारात भाव तोंडानं करत नाहीत, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून करतात — एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच, पंजा आणि मग एक बोट म्हणजे सहा. दलालाच्या रुमालाखाली हात माझा असायचा. पण माझा दुसरा हात अक्कांच्या पदराखाली. किती म्हणायचं ते त्या तिथं दाबून सांगायच्या, मी इकडं दाबायचो. सबंध बाजार फिरून, एक शब्द न बोलता, आम्ही म्हैस घेऊन घरी यायचो. लोक म्हणायचे, लक्ष्मण फार हुशार. अक्का गालात हसायच्या, पण कुणाला काही सांगायच्या नाहीत.

माझी बायको लग्नानंतर तिसऱ्या वर्षी गेली. मूलबाळ नाही. कारखान्याच्या वरच्या खोलीत राहतो. हे सहानुभूतीसाठी नाही सांगत — पण माझ्यासाठी दिवस म्हणजे अक्कांची हाक होती, हे तुम्हाला ठाऊक असलेलं बरं.

मग एके दिवशी रज्जाकभाईचा खवा हातावर घेऊन अक्का रगडतच राहिल्या. बराच वेळ. रज्जाकभाई समोरच उभे. अक्का म्हणाल्या, “हे कुणाचं, पाव्हणं?” वीस वर्षं रोज येणाऱ्या माणसाला पाव्हणं! रज्जाकभाईंना गंमत वाटली, ते हसले. मीही हसलो. मला मात्र अक्कांचा अंगठा दिसत होता, तळहातावर नुसताच फिरत होता.

त्या दिवसापासून मी काय केलं? कुणी आत यायच्या आधीच मोठ्यानं म्हणायला लागलो, “या रज्जाकभाई!” “अक्का, सोलापूरचे शेठ आलेत, गेल्या दिवाळीला आलते ते.” हळूहळू दिवसभर हेच. अक्का माझ्या तोंडाकडं बघून बोलायच्या. पूर्वी दिवसातून चार हाका यायच्या, आता चाळीस. “लक्ष्मण, ह्यांला काय सांगितलंतं आपण?” “लक्ष्मण, आज वार कुठला?” सगळे म्हणायचे, बिचारा किती सांभाळतो. खरं सांगू? मला ते आवडत होतं. त्यांचं विसरणं नव्हे — की तेच? मी रोज सकाळी उठून आधी हे बघायचो, की आज त्यांना माझी गरज किती लागते. जास्त लागली की दिवस बरा जायचा. असा मी माणूस.

अक्कांची मुलगी वैशाली पुण्यात नोकरीला. मला मामा म्हणते. तिनं त्या सुमाराला कारखान्याच्या मुख्य माणसासाठी आरोग्य विमा उतरवला, चांगला महागातला. त्यात दरवर्षी तपासणी होती, आणि चाळिशीच्या पुढच्यांसाठी स्मरणशक्तीचीही तपासणी. काही निघालंच तर मेंदूचे मोठे डॉक्टर, स्कॅन, औषधं, सगळं विम्यातून. अक्का कुरकुरल्या, तेव्हा ती म्हणाली, “आई, गाड्यांचा विमा आहे, मशीनचा आहे. आणि कंपनी चालते ती तुझ्या डोक्यावर. त्या डोक्याचा नको का?” पोरीचं काय चुकलं होतं? तिनं दार करून ठेवलं होतं. त्या दारात मी जाऊन बसलो.

तपासणी मोबाइलवर, व्हिडिओ कॉलनं. पुण्याहून एक डॉक्टरीणबाई प्रश्न विचारणार. ऑफिसात टेबलावर पेढ्याच्या खोक्याला टेकवून मोबाइल उभा केला. अक्का म्हणाल्या, “तू हितंच बस, लक्ष्मण. काय इचारत्यात कुणाला ठावं.” पुढं कितीतरी महिने मी हे वाक्य स्वतःला ऐकवत होतो — त्यांनीच बसवलं मला! पण बस म्हणाल्या होत्या. सांग म्हणाल्या नव्हत्या.

बाईंनी विचारलं, आज तारीख काय? अक्का थांबल्या. मी टेबलाखाली त्यांचा हात धरला आणि दाबला. आधी दहाचं, मग सुट्यांचं. अक्कांनी लगेच तारीख सांगितली. महिना — दाबला. शंभरातून सात गेले किती? दाबले. इतक्या वर्षांत त्यांची बोटं काही विसरली नव्हती, हे विशेष. पाच शब्द लक्षात ठेवायला दिले, ते मी खोक्याच्या झाकणावर स्केचपेननं लिहून मोबाइलच्या मागं धरले. अक्कांना बारीक दिसत नाही, म्हणून मोठ्या अक्षरात. बाई म्हणाल्या, “वा, आजी, पूर्ण गुण!”

फोन बंद झाल्यावर अक्का म्हणाल्या, “म्हंजी डोस्कं धड हाय माजं?” मी म्हणालो, “एकदम धड.” त्या म्हणाल्या, “मंग असं का व्हतंय मला? सकाळी चुलीपुढं हुभी ऱ्हायले आन् कशाला आले तेच कळंना. भ्या वाटतंय रे.” मी म्हणालो, “वयाचं असतंय अक्का. डॉक्टरनीच सांगितलं ना आता.” डॉक्टरनी! त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. त्या दिवसानंतर भ्या वाटतंय असं त्या मला कधी म्हणाल्या नाहीत. भीती गेली नव्हती. सांगायला माणूस उरला नव्हता.

का केलं मी हे? निदान निघालं असतं, तर वैशालीनं त्यांना पुण्याला नेलं असतं. कारखाना सोलापूरच्या डेअरीला देऊन टाकायचं ती पूर्वीपासून बोलत होती. माझी खुर्ची गेली असती, हे एक. पण खुर्चीचं दुःख मी सोसलं असतं, असं आज वाटतं. खाली हाक मारायला कुणी नाही, आणि मी वरच्या खोलीत — ते मला नको होतं. त्यासाठी एका माणसाचं डोकं पणाला लावलं.

दुसऱ्या वर्षाचं सांगतो. हे सांगायलाच इतका वेळ घोळवत बसलोय.

तोच मोबाइल, तसंच खोकं, त्याच बाई. मी आधीच अक्कांचा हात धरून बसलेला. पहिला प्रश्न आला, आज तारीख काय, आणि मी दाबायला लागलो. अक्कांनी हात काढून घेतला. काढून टेबलावर ठेवला, उघडा, सगळ्यांना दिसेल असा. माझ्याकडं वळून हळू आवाजात म्हणाल्या, “ऱ्हाऊ दे, लक्ष्मण. काय निघंल ते निघू दे.”

बाईंनी विचारलं, “काही म्हणालात का आजी?”

मी बाजूनं म्हणालो, “चहा नको म्हणतायत.”

आणि त्यांचा हात मी टेबलावरून उचलला, खाली घेतला, आणि दाबला. जोरात. त्यांनी एकदा सोडवायचा प्रयत्न केला. मी सोडला नाही. मग त्यांनी तारीख सांगितली. त्यानंतरचं सगळं सांगितलं, मी दाबत गेलो तसं. आवाज एकसुरी, नजर खोक्यावर. पूर्ण गुण. उठताना त्यांनी बोटं पदरात गुंडाळली होती. मला म्हणाल्या, “झालं न्हवं तुज्या मनासारकं?” मी पुढच्या भट्टीवाल्याला आत बोलावलं.

त्यानंतर सहा महिन्यांनी वैशालीनं त्यांना आठवडाभर पुण्याला नेलं. मी बरोबर नव्हतो. चार दिवसांत सगळं उघडं पडलं. अक्कांना घरातली मोरी सापडेना, जावयाचं नाव आठवेना, आणि एका दुपारी त्या वैशालीलाच म्हणाल्या, तुज्या आईला बोलीव, मला घरी सोडा म्हणावं. वैशालीनं मला फोन केला. ती रडत होती. “मामा, अचानक कसं झालं हो हे?” मी म्हणालो, “निघतोच.”

हॉस्पिटलात डॉक्टर स्कॅन बघत होते. मेंदूत रक्त अडून बारीक झटके येऊन गेल्याच्या खुणा होत्या, जुन्या दिसत होत्या. पण त्यांच्या हातात आमचे दोन्ही रिपोर्ट होते. त्यांना मेळ लागेना. सहा महिन्यांपूर्वी पूर्ण गुण, मग एवढी घसरण? जुनं दुखणं असतं तर परीक्षेत दिसलं असतं. म्हणजे हे काहीतरी वेगळं, घाईचं असेल. म्हणून त्यांनी अक्कांच्या पाठीत सुई घालून मणक्यातलं पाणी काढलं. मी दाराबाहेर होतो. अक्का ओरडल्या. आयुष्यात मी त्यांना ओरडताना ऐकलं नव्हतं. दोन वाक्यं बोललो असतो तर ती सुई टळली असती. आत जायला दहा पावलं होती. मी बाकावर बसून राहिलो.

त्या पाण्यात काही निघालं नाही. शेवटी डॉक्टर म्हणाले, झटकेच आहेत, दोन-तीन वर्षांत हळूहळू आलेले. आधी कळलं असतं, तर औषधं चालू करून पुढचे बरेचसे टाळता आले असते. वैशाली म्हणाली, “आम्ही विमा त्यासाठीच तर घेतला होता.” डॉक्टर म्हणाले, “तुमचं काही चुकलेलं नाही. परीक्षेतून कधी कधी निसटतं.” मी तिथंच, तिच्या खुर्चीमागं उभा होतो. तिनं मागं वळून माझा हात धरला. म्हणाली, “मामा, तुम्ही होतात म्हणून आई एवढी तरी राहिली.”

अक्का आता पुण्यात असतात. बोलणं जवळजवळ थांबलंय. कारखाना वैशालीनं विकला नाही. सगळं माझ्यावर सोपवलं, कागदावर हुद्दा दिला, वेगळी केबिन दिली. सकाळी खवा मशीनवर तपासला जातो. मला हाक कुणी मारत नाही, साहेब म्हणतात, आणि काम झालं की निघून जातात.

कारखान्याचा मुख्य म्हणून तिनं माझंही नाव त्या विम्यात घातलं. परवा माझी तपासणी झाली. बाई दुसऱ्या होत्या. तारीख, महिना, शंभरातून सात, सगळं बरोबर सांगितलं. शेवटी त्या म्हणाल्या, “आता तुमच्या जवळच्या माणसाशी बोलायचंय. तुमच्यात काही बदल जाणवतो का, ते आम्ही वेगळं विचारतो.”

हा प्रश्न असतो, हे मला माहीत होतं. अक्कांच्या फॉर्मवर जवळच्या माणसाच्या रकान्यात त्यांनी मुलीचं नाव घातलं नव्हतं, माझं घातलं होतं. दोन्ही वर्षी नंतर वेगळा फोन करून, अक्कांना बाहेर बसवायला सांगून, बाई माझ्याशी एकट्याशी बोलल्या होत्या. विसरतात का? घाबरतात का? तेच तेच विचारतात का? सरळ साधे प्रश्न होते. तिथं दाबायला हात नव्हता, धरायला झाकण नव्हतं, कुणी बघत नव्हतं. नुसतं हो म्हणायचं होतं. मी दोन्ही वेळा म्हणालो, “छे हो, आमच्यापेक्षा तल्लख आहेत.” दुसऱ्या वर्षी तर हसलोसुद्धा.

परवा बाई फोनवर थांबल्या होत्या. मी म्हणालो, जवळचं कुणी नाही. त्या म्हणाल्या, “बरं,” आणि तो रकाना मोकळा सोडला.