डिस्ट्रिब्यूट

इंग्रजी मी पत्रकांतून शिकलो. सभेत हातोहात मिळणारे ते पातळ कागद मला शाळेतल्या कवितांपेक्षा जास्त पाठ होते. बहुतेकांच्या तळाशी एक हुकूम असे: वाचा आणि डिस्ट्रिब्यूट करा. म्हणजे वाटा. या क्रियापदाला दुसरा अर्थ असेल, असे कधी मनातही आले नाही.

युद्धाची वर्षे होती. नगरच्या एका विडी कारखान्यात बायका घरी वळलेल्या विड्या आणून देत. आत बसलेला छाटणीवाला त्यांतल्या खराब विड्या बाजूला काढी. किती काढल्या, का काढल्या, हे बाहेर उभ्या बाईला दिसत नसे. काढलेली विडी तिला परतही मिळत नसे. मालक तीही विकी. मी याला चोरी म्हणत होतो, आजही म्हणतो. शनिवारी दारात वाटायला मी पत्रक लिहिले. मागणी एकच: छाट आमच्यासमोर करा.

शुक्रवारी छापखान्यात प्रूफ तपासले आणि समासात ऐटीत इंग्रजीत लिहिले, 'डिस्ट्रिब्यूट'. छापा आणि वाटायला द्या, असे मला म्हणायचे होते.

शनिवारी सकाळी गेलो, तर कंपॉझिटर चाचा चहा पीत बसलेले.

"चाचा, पत्रकं?"

"कसली पत्रकं? तूच लिहिलंस ना, डिस्ट्रिब्यूट? केलं. एकेक खिळा आपापल्या घरी पोचवला."

छापखान्यात त्या शब्दाचा अर्थ निराळा. जुळवलेला मजकूर मोडायचा आणि अक्षरांचे खिळे निवडून ज्याच्या त्याच्या खणात परत टाकायचे. छपाई झाल्यावरचे काम ते.

"पण छापायच्या आधीच?" मी ओरडलो.

"मला वाटलं, भ्यालास. भितात पत्रकवाले कधीकधी. आणि मराठीत लिहायला हात दुखत होता का? मजकूर बायकांसाठी आणि समासात साहेब!"

पुन्हा जुळवा, मी म्हणालो. बारा वाजता यंत्रावर लग्नपत्रिका चढायच्या होत्या. तोवर आठ ओळी जुळतील, चाचा म्हणाले. माझ्या बेचाळीस होत्या. जगाची परिस्थिती गेली, भांडवलाचा इतिहास गेला, माझे फार लाडके एक वाक्य होते तेही गेले. रागाने माझे कान तापले होते.

दुपारी कारखान्याच्या दारात एका बाईने कागद घेतला आणि मलाच परत दिला. "वाचून दावा."

मी वाचले.

"एवढंच व्हय? मंग मागल्या येळी तासभर काय बडबडत हुता?"

तिने विड्यांचा गठ्ठा आत दिलाच नाही. पोटाशी धरून छाटणीवाल्याला म्हणाली, "दादा, हितं उंबऱ्यात बसून छाटा. मला दिसू द्या."

मागच्या दोघीही गठ्ठे धरून उभ्या राहिल्या. छाटणीवाल्याने आत मालकाकडे पाहिले, मग बसायचा पाट उंबऱ्याशी ओढला. तिने दिलेला गठ्ठा उलगडून त्याने एक विडी बाजूला काढायला उचलली, समोरच्या बाईच्या तोंडाकडे पाहिले आणि विडी परत गठ्ठ्यात ठेवली.